रुमालाखालचा भाव

केंदूरहून चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी रविवारचं जेवून जरा लवंडलो होतो. "दादा, एक कंपनी गुगलवर पहिल्या नंबरची ग्यारंटी देतेय. तीन महिन्यांचे तीस हजार." मी म्हटलं, थांब जरा, चौकशी करू. तर म्हणाला, "पाठवले पण."

झालं!

त्याचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई असं तेल काढतो. संत कान्हूराज पाठकांचं आमचं हे गाव शिरूर तालुक्यात पाबळजवळ, पण चार पैसे जास्त देणारं गिऱ्हाईक पुण्यात. आणि ते आता तेलसुद्धा मोबाइलवर शोधतं. तेव्हा त्याचं काही चुकलं नव्हतं. फक्त ते तीस हजार कांद्याच्या पट्टीतले होते, एवढंच.

तीन महिन्यांनी रंगीत रिपोर्ट आला. पहिला नंबर! आणि तो खराच होता. पण कशाला? त्याच्या घाण्याचं पूर्ण नाव, पुढे गाव, पुढे तालुका, असं सगळं टाइप केलं तर. अहो, ज्याला एवढं पाठ आहे तो गुगलवर कशाला जाईल, सरळ फोनच करेल ना. नुसतं 'घाण्याचं तेल पुणे' शोधलं तर आमचा पत्ताच नाही. पुढे कळलं, की साइटला कुठल्या कुठल्या परदेशी जुगाराच्या साइटींवरून लिंका दिल्या होत्या आणि डोमेनही कंपनीने स्वतःच्याच नावावर घेतलं होतं.

काका ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांना गुगल वगैरे काही कळत नाही. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे रुमालाखालचा भाव."

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घेणारा आणि दलाल हातावर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्याला नुसता रुमाल हलताना दिसतो. धान्याच्या, कापसाच्या बाजारातही अशीच रीत होती. माल शेतकऱ्याचा, पण भाव काय ठरला ते त्याला सगळ्यात शेवटी कळायचं. वर कडता, तोलाई, हमाली, अडत आहेच. हा रुमाल काढायला किती वर्षं लागली बघा. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला १८९७ साली. शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली १९२८ मध्ये. मुंबई प्रांताचा कायदा १९३९ चा आणि महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. उघडा लिलाव, ठरलेलं वजन, लेखी पट्टी. त्यानंतर लबाडी संपली असं नाही, पण निदान कुठे बोट ठेवायचं ते कळायला लागलं.

इंटरनेटच्या बाजाराचा इतिहास याच वाटेने गेलाय, फक्त फार घाईने.

सुरुवातीला याहूसारख्या याद्या होत्या, माणसांनी हाताने लावलेल्या. आपल्याकडे राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डची 'खोज' होती. ती कंपनी १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ४९९ कोटींना घेतली तेव्हा केवढी चर्चा झाली होती! मग यंत्रं आली. ती पानावरचे शब्द मोजायची. लगेच लोकांनी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच शब्द शंभर वेळा लिहून ठेवले. (पाणी मारून पोतं जड करणं, दुसरं काय!) १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी वेगळी युक्ती काढली. तुम्ही स्वतःबद्दल काय म्हणता ते सोडा, तुमच्याकडे बोट कोण दाखवतंय ते बघू. म्हणजे साक्षीदार मोजायचे. मग साक्षीदार विकत मिळायला लागले.

यात सगळे छोटेच अडकले असं समजू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये गुगलने बीएमडब्ल्यूची जर्मन साइट यादीतून काढली. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरं, असा प्रकार होता. फेब्रुवारी २०११ मध्ये जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानाच्या विकतच्या लिंका न्यूयॉर्क टाइम्सने उघड केल्या. एप्रिल २०१२ पासून 'पेंग्विन' नावाचा बदल आला आणि असल्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइटी धडाधड खाली आल्या. दोष कुणाचाही असो, नंबर मालकाचा गेला.

आणि बाजार चालवणारा तरी धुतल्या तांदळासारखा आहे का? जाहिरातीवर जगणारं शोधयंत्र जाहिरातदाराकडेच झुकणार, हे पेज आणि ब्रिननीच १९९८ च्या आपल्या निबंधात लिहून ठेवलंय. आपल्या स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधातल्या पक्षपातासाठी गुगलला १३५.८६ कोटींचा दंड ठोठावला. असो.

तर सांगायचा मुद्दा असा. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच सांगतं. फरक दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, हेही सांगतं. भावाने दुसऱ्यांदा माणूस शोधला तेव्हा आम्ही चारच प्रश्न लिहून काढले. काय करणार ते लेखी देणार का? कुठल्या शब्दांसाठी, आणि ते शब्द लोक शोधतात का? डोमेन आणि आकडे बघायची किल्ली कुणाकडे राहणार? आधीच्या दोन गिऱ्हाइकांशी बोलायला देणार का? दोघे "आमची पद्धत गुपित असते" म्हणाले. तिसरा म्हणाला, "आधी गुगल मॅपवर घाण्याची नोंद करा, फोटो टाका, तेल कसं काढता ते मराठीत लिहा. त्याला पैसे लागत नाहीत. मग माझी गरज वाटली तर बोलू."

त्यालाच काम दिलं. नंबर अजून पहिला नाही, पण मागच्या महिन्यात कोथरूडहून एक बाई पत्ता शोधत थेट घाण्यावर आल्या. काकांनीच त्यांना तेल मोजून दिलं, काटा त्यांच्याकडे वळवून.