दोनशे पंचवीस मुली

एप्रिल १८९६, लोणावळा. उजाडायच्या आधी

मेथडिस्ट मंडळींची उन्हाळी प्रार्थनासभा भरली आहे. खंडाळ्याच्या घाटातून रेल्वे धावू लागल्याला तेहतीस वर्षं झाली. मुंबईचे लोक घाट चढून आले आहेत, पुण्याचे मावळातून. पुण्याच्या शारदा सदन या आपल्या विधवांच्या निवासी शाळेतून पंडिता रमाबाई पंधरा मुली बरोबर घेऊन आल्या आहेत. या पंधराजणींनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला आहे. त्यातल्या बहुतेक विधवा, घरच्यांनी टाकलेल्या किंवा टाकल्यात जमा असलेल्या.

रमाबाई अंधारातच उठतात आणि प्रार्थनेसाठी झाडीतली एकांताची जागा गाठतात.

पुण्यात प्लेगचे सोजीर घराघरांत शिरायला अजून अकरा महिने आहेत. प्लेग हा शब्दही इथं कुणाच्या तोंडी नाही.

सूर्योदय

डोंगरामागून सूर्य वर येत असताना त्या देवाकडे एक मागणं मागतात. या पंधरांचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे दोनशे पंचवीस, आणि तेही पुढच्या वर्षीच्या सभेच्या आत. पुढं आपली साक्ष लिहिताना त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. हे कसं व्हावं, असा प्रश्न त्यांच्याच मनात उभा राहिला, हेही त्यांनी लपवलेलं नाही. सदनात तेवढ्या मुलीच नव्हत्या. यायच्या तरी कुठून? उत्तरादाखल यिर्मयाच्या पुस्तकातलं वचन त्यांना आठवलं. परमेश्वराला काही अवघड आहे का, असं विचारणारं.

या प्रार्थनेचं उत्तर कोणत्या वाटेनं येणार आहे, हे त्या सकाळी त्यांना कळलं असतं तर त्यांनी ती तशीच मागितली असती का, हा विचार मला सोडत नाही.

मागं वळून: दुष्काळ, आणि वाँटेज

भूक त्यांना अनोळखी नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. सारं कुटुंब पुराणं सांगत तीर्थांमागून तीर्थं फिरलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. झेलमच्या काठी थंडीतून वाचायला दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. ज्या देवांच्या दारी आयुष्य घालवलं त्यांच्यावरचा त्यांचा विश्वास या वाटेवर विरला.

१८७८ मध्ये कलकत्त्यानं त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. लग्न झालं, मुलगी झाली, आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीनं गेले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला पोहोचल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथं छोट्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब झाला. इथंच गोष्ट संपली असं बहुतेकांना वाटतं, स्तुती करणाऱ्यांना आणि शिव्या देणाऱ्यांनाही.

१८९१, पुणे: बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी

इथं मला थांबायचं आहे, कारण तारणाचा संदेश कसा स्वीकारायचा असं कुणी विचारलं तर मराठीत याहून प्रामाणिक उत्तर मला माहीत नाही.

बाप्तिस्मा झाला तरी रमाबाईंचं मन निवलं नव्हतं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे पत्रांतून खटके उडत. त्र्यैक्य, चर्चचा अधिकार, कुणाचं किती ऐकायचं, या सगळ्यावर त्या वाद घालत. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी पुढं स्वतःच सांगितलं. अशात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. हा माणूस कॉर्नवॉलमध्ये वर्षानुवर्षं पाळक होता, आणि १८५१ मध्ये एका रविवारी स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचाच उपदेश करता करता, त्याला कळलं की आपण जे सांगतो ते आपल्याला मिळालेलंच नाही. त्या दिवशी त्याचं परिवर्तन झालं.

रमाबाईंना स्वतःची अवस्था त्या पानांत दिसली. विद्या होती, बाप्तिस्मा होता, उपासना होती, नावलौकिक होता. यातलं काहीही देवापुढं पुण्य म्हणून मांडता येत नाही, हे त्यांना उमगलं. ज्या मुलखात मोक्षासाठी जन्मांमागून जन्म लागतात, आणि स्त्रीला तर त्या वाटेवर पायही ठेवता येत नाही असं शास्त्री सांगत, तिथं वाढलेल्या बाईला हे कळणं म्हणजे काय असेल याचा विचार करावा. जातीची अट नाही, विद्येची नाही, पुरुषाच्या मध्यस्थीची नाही. आपण पापी आहोत हे कबूल करायचं, वधस्तंभावर ख्रिस्तानं आपल्यासाठी जीव दिला यावर विसंबायचं, आणि क्षमा दान म्हणून घ्यायची, आत्ता, आहे तशाच अवस्थेत. पश्चात्ताप, विश्वास आणि मग बाप्तिस्मा, असा हा क्रम आहे. त्यांच्या बाबतीत बाप्तिस्मा आधी आला आणि विश्वासाला आठ वर्षं लागली. संस्कार झाला म्हणजे श्रद्धा आली असं नाही, हे त्या अनुभवानं शिकल्या, आणि पुढं शेकडो भुकेल्या मुली दारात आल्या तेव्हा हे शिकणं महत्त्वाचं ठरलं.

१८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो म्हणून वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. जे घर रिकामं होत चाललं होतं, त्याच घरासाठी तीन वर्षांनी लोणावळ्यात दोनशे पंचवीसचं मागणं झालं.

ऑगस्ट–सप्टेंबर १८९६: सोजीर पुण्यात शिरायला सात महिने

पाऊस अर्ध्यातच थांबतो. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाणी कोसळतं, त्यामुळं लोणावळ्यात उभं राहून दुष्काळाची कल्पना येत नाही. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, भीमेच्या अंगाला, जमीन कोरडीच असते. मध्य प्रांतातून येणाऱ्या बातम्या त्याहून वाईट आहेत.

२३ सप्टेंबर १८९६: सहा महिन्यांहून कमी

मुंबईत मांडवीमध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस हे गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टर एका रोग्याला तपासून गाठीच्या प्लेगचं निदान करतात. शहर पळू लागतं. पळणारा माणूस रेल्वेत बसतो, आणि ती रेल्वे खंडाळा, लोणावळा, तळेगाव करत पुण्याला येते.

१८९६ ची अखेर: मध्य प्रांत

दुष्काळाचं वर्णन ऐकून रमाबाईंना आपली आई आठवते. गाठीला पुरेसा पैसा नाही. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांसाठी दिलेलं मदतीचं वचन संपत आलं आहे. तरी त्या निघतात. त्यांच्या सहकारी सुंदरबाई पवारही या कामात उतरतात.

दुष्काळी छावण्यांत आणि अनाथ-निवाऱ्यांत त्यांनी जे पाहिलं ते त्यांनी लिहून ठेवलं. हाडांचे सापळे झालेली मुलं होती, पण रमाबाईंचा संताप पेटला तो वेगळ्याच गोष्टीनं. कुंटणखान्यांचे दलाल त्याच छावण्यांभोवती फिरत होते आणि भाकरीच्या बदल्यात मुली उचलत होते. मदत केंद्रांवरचे मुकादमही स्वच्छ नव्हते. त्यांनी मुली गोळा करायला सुरुवात केली.

आजवर शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. आता ज्या आल्या त्या कुठल्या जातीच्या, हे विचारायला सवडच नव्हती. माझ्या मते रमाबाईंच्या कामातलं सर्वांत मोठं वळण हेच आहे, आणि ते दुष्काळानं घडवलं.

एक आक्षेप तेव्हा होता आणि आजही आहे. भुकेल्याला अन्न देऊन धर्म दिला, ही निवड म्हणायची का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. जिच्या पोटात काही नाही ती मुलगी मोकळेपणानं निवडू शकत नाही, आणि ज्या घरानं जगवलं त्या घराच्या श्रद्धेचं वजन तिच्यावर पडणारच. हे मी मान्य करतो. पण दारात दुसरा जो उभा होता तो दलाल होता. आणि रमाबाईंना आकडा हवा असता तर आणलेल्या मुलींना त्याच आठवड्यात बाप्तिस्मा देता आला असता. लोणावळ्यात त्यांनी बाप्तिस्म्यांची संख्या मागितलीच नव्हती. स्वतःच्या आठ कोरड्या वर्षांनी त्यांना तेवढं शिकवलं होतं.

४ फेब्रुवारी १८९७: पाच आठवडे

साथीच्या रोगांचा कायदा मंजूर होतो. पुण्यात प्लेग पसरला आहे. मध्य प्रांतातून मुलींचे जथे येत आहेत, आणि शहरात नव्या मुली ठेवायला मनाई होते.

पुण्याच्या पूर्वेला, सोलापूरच्या रेल्वेमार्गावर, केडगावला रमाबाईंनी फळबागेसाठी माळरान घेऊन ठेवलं होतं. तिथं घर नव्हतं. मुली तिथं हलवल्या गेल्या. तंबू पडले, गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. काही मुली इतक्या खंगल्या होत्या की अन्न मिळूनही वाचल्या नाहीत.

१३ मार्च १८९७

पुण्यात इंग्रज अधिकारी रँड याच्या प्लेग कमिटीची घरझडती सुरू होते. गोरे सोजीर माजघरात, देवघरात शिरतात. बायकांना रस्त्यावर तपासतात. संशयितांना इस्पितळात नेतात. शहरावर कोसळलेलं संकट आता रोगाएवढंच उपायाचंही आहे.

शारदा सदनही त्यातून सुटलं नाही. प्लेगच्या इस्पितळात पाठवलेली सदनातली एक मुलगी परत आलीच नाही. मे महिन्यात रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून इस्पितळात स्त्रियांची काय गत होते ते उघड केलं. सरकारनं इन्कार केला. ज्या बाईला सनातनी पुणं मिशनऱ्यांची हस्तक म्हणत होतं, तिनं इंग्रज सरकारला जाहीरपणे जाब विचारला, हे विसरलं जातं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली.

त्यानंतर

लोणावळ्याच्या प्रार्थनेला वर्ष उलटून गेलं होतं. रमाबाईंच्या छायेत आलेल्या मुलींची संख्या दोनशे पंचवीस ओलांडून तीनशेच्या घरात पोचली होती. त्यातल्या कितीजणी श्रद्धेनं आल्या आणि कितीजणी दुसरा आसरा नव्हता म्हणून, हे त्या मुलींनाही एका वाक्यात सांगता आलं नसतं. याच वर्षाच्या अखेरीस शंभरावर मुलींचा भीमेच्या पात्रात बाप्तिस्मा झाला. सगळ्यांचा नाही.

केडगावच्या वस्तीला नाव मिळालं ‘मुक्ती’. तिथं विहिरी खणल्या गेल्या. मुली दळू, विणू, शिवू लागल्या, पुढं छापखान्यात खिळेही जुळवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतलं. अडाणी बाईलाही तारणाची गोष्ट स्वतः वाचता यावी, मध्ये पंडित नको, हा त्यामागचा हट्ट होता. हे काम ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्यांना पुरलं.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा केडगावहून माणसं पुन्हा निघाली. या वेळी मध्य प्रांतातून वाचून आलेल्या काही मुलीच दुसऱ्या मुलींना आणायला आणि सांभाळायला पुढं होत्या. मुक्तीतल्या मुली-बायका दोन हजारांच्या घरात गेल्या.