विंडोड्रेसर्स

घरातील उष्णतेची गळती थांबवण्यासाठी अमेरिकेतील मेन राज्यात काम करणारी स्वयंसेवी संस्था. रॉकलंड येथील युनिव्हर्सलिस्ट चर्चच्या सभासदांनी खिडक्यांतून येणारे गार वारे अडवण्यासाठी २०१० साली केलेल्या प्रयत्नांतून ती उभी राहिली. मेनमध्ये हिवाळा लांबतो, जुनी लाकडी घरे पुष्कळ आहेत आणि निम्म्याहून अधिक घरे तेल जाळून उबदार ठेवावी लागतात. त्यामुळे खिडकीच्या फटीचा भुर्दंड थेट घरखर्चावर पडतो.

संस्थेचे साधन अगदी साधे आहे. पाइनच्या लाकडाची चौकट खिडकीच्या मापाने बनवतात, तिच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पडदा ताणून बसवतात. मधल्या बंदिस्त हवेमुळे उष्णतेचे वहन मंदावते. कडेने फोमची पट्टी लावलेली असल्याने चौकट आतून खिडकीत घट्ट दाबून बसते. खिळा वा स्क्रू लागत नाही. उन्हाळ्यात ती काढून ठेवता येते. मापात थोडी चूक झाली तरी फट उरते, म्हणून माप घेण्याचे काम प्रशिक्षित स्वयंसेवक करतात.

चौकटींची जुळणी शरद ऋतूत गावोगावच्या सभागृहांत होते. मागणी नोंदवणाऱ्यांनीही तिथे काही तास हातभार लावावा, अशी अपेक्षा असते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना चौकटी विनामूल्य किंवा ऐच्छिक देणगीवर मिळतात, आणि या उपक्रमाचे खरे मोल यातच आहे. पुढे ही पद्धत मेनबाहेर व्हर्मॉन्ट, न्यू हॅम्पशायर या राज्यांतही रुजली.