इंग्रजीतील प्रत्ययांची झीज

पाचव्या शतकात ब्रिटनमध्ये येऊन वसलेल्या अँगल, सॅक्सन आणि ज्यूट टोळ्यांच्या बोली विभक्तिप्रधान होत्या. त्यांतून घडलेल्या जुन्या इंग्रजीत नामांना तीन लिंगे आणि चार मुख्य विभक्ती होत्या. दगड म्हणजे ‘स्टान’. दगडाचा ‘स्टानेस’, दगडाला ‘स्टाने’. अनेकवचनी दगड ‘स्टानास’, दगडांचा ‘स्टाना’, दगडांना ‘स्टानुम’. नामाबरोबर विशेषणे आणि दर्शक सर्वनामेही बदलत. राजा कर्ता असला की ‘से क्युनिंग’, कर्म असला की ‘थोने क्युनिंग’. म्हणून ‘रामाने रावणाला मारले’ या मराठी वाक्याप्रमाणे शब्द मागेपुढे केले, तरी मारणारा कोण आणि मरणारा कोण हे सहसा कळत असे.

या रचनेची झीज तिच्या उच्चारातच सुरू झाली. आघात शब्दाच्या आरंभी पडे, त्यामुळे शेवटचे स्वर पुसट होत गेले आणि वेगवेगळे प्रत्यय सारखेच ऐकू येऊ लागले. नवव्या शतकात उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये स्कँडिनेव्हियन लोक वसले. त्यांच्या भाषेतील कितीतरी धातू इंग्रजीशी जुळणारे, प्रत्यय मात्र निराळे. या सहवासाने तेथील झीज वेगावली, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. ‘दे’ हे सर्वनामही त्या भाषेतूनच आले. 1066च्या नॉर्मन विजयानंतर दरबारी लेखनातून इंग्रजी मागे पडली, जुने प्रमाणलेखन मोडले आणि बोलण्यातले बदल कागदावर उतरू लागले. 1154पर्यंत लिहिल्या गेलेल्या पीटरबरो बखरीच्या अखेरच्या नोंदींत विभक्ती बऱ्याच गळालेल्या दिसतात. दक्षिणेत, विशेषतः केंटमध्ये, त्या अधिक काळ टिकल्या.

प्रत्ययांचे काम मग शब्दक्रमाने आणि ‘ऑफ’, ‘टू’ यांसारख्या अव्ययांनी उचलले. कर्ता क्रियापदाआधी, कर्म क्रियापदानंतर, ही जागा पक्की झाली. अनेकवचनासाठी ‘स्टानास’मधला ‘स’ उत्तरेकडून सर्वत्र पसरला. दक्षिणेत लोकप्रिय असलेला ‘एन’ प्रत्यय ‘ऑक्सन’ आणि ‘चिल्ड्रन’ अशा मोजक्या शब्दांत उरला. ‘फूट–फीट’, ‘माउस–माइस’ या जोड्या त्याहून जुन्या आहेत: पुढच्या अक्षरातील ‘इ’मुळे आधीचा स्वर बदलला, पुढे तो ‘इ’ गळाला आणि बदललेला स्वरच अनेकवचनाची खूण ठरला.

क्रियापदांतही हेच घडले. ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ होता. ‘एड’ प्रत्ययाने त्याची जागा घेतली. ‘सिंग–सँग–संग’सारखी नित्य वापरातली रूपे मात्र टिकली. तृतीयपुरुषी ‘एथ’च्या जागी ‘एस’ आला, तरी 1611च्या बायबलने जुनाच प्रत्यय राखला.

आजच्या इंग्रजीत रूप बदलणारे नियमित प्रत्यय साधारण आठ मोजले जातात. षष्ठीचा ‘अपॉस्ट्रॉफी एस’ हा ‘स्टानेस’चा वारस आहे, तर ‘हिम’ आणि ‘हूम’ यांतला ‘म’ जुन्या चतुर्थीचा. विद्यार्थी अपवाद म्हणून पाठ करतात, त्यांतली बहुतेक रूपे एकेकाळी नियमच होती.