हाली रुपयाचा रंग

आजीच्या बटव्यात हाली सिक्क्याचा एक रुपया होता. हाली म्हणजे चालू. चारमिनारच्या दारात ‘ऐन’ हे अक्षर, उस्मान अली खान यांचे. महबूब अलींच्या रुपयावर तिथेच ‘मीम’. संस्थान १९४८ साली गेले, सिक्का मात्र १९५९ पर्यंत चालला.

लहानपणी मी तो काळवंडलेला रुपया चिंच-मिठाने घासून लख्ख केला. आजी म्हणाली, “बेटा, इसकी उमर धो डाला तू.”

ती उमर कशी चढते हे बी.एड. झाल्यावर कळले. हवेतले, कापडातले गंधक चांदीवर वर्षानुवर्षे थर धरते. आधी पिवळसर, मग सोनेरी, जांभळट, निळा, शेवटी काळा. बहुधा कडेकडून आत. बाजारात गंधकाची धुरी देऊन किंवा डबीत उकडलेल्या अंड्याशेजारी ठेवून हेच रंग झटपट आणतात. मग निळा एकदम भडकतो, मधल्या छटा नसतात, ताज्या ओरखड्यातही रंग उतरतो. जाणकारही कधी फसतात म्हणा!

माझ्या रुपयाला “जुना रंग” चढवून द्यायला एक दुकानदार तयार होता. मी रुपया खिशात घातला. आता तो वर्गात फिरतो. दारातला ‘ऐन’ मुले चटकन वाचतात.