ग्लोमस

लॅटिनमध्ये ‘ग्लोमस’ म्हणजे सुताचा गुंडा. त्वचेत, विशेषतः बोटांच्या टोकांशी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांची अशीच वेटोळी असतात. शरीराचे तापमान राखण्यास ती मदत करतात. त्यांच्यापासून होणाऱ्या गाठीचे हे कूळ फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ पिएर मासाँ यांनी १९२४ मध्ये उलगडले.

गाठ दुर्मीळ, बहुधा कर्करोगाची नसलेली आणि जेमतेम काही मिलिमीटरची. कळ मात्र तिच्या आकाराला न शोभणारी. नखाखालची गाठ गार पाण्याने ठणकते. टाचणीच्या डोक्याने नेमक्या जागी दाबताच रुग्ण हात मागे खेचतो. दंडाला पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवला की वेदना ओसरते. एमआरआयमध्ये जागा बहुधा दिसते. मग नख उचलून गाठ समूळ काढतात आणि नखाखालची त्वचा शिवतात. अंश राहिला तर ती पुन्हा उद्भवते.