हिवाळ्यातला हडपसर : शिवार, नदी आणि पेशवाईची नाटके

पुण्याच्या पूर्वेला, सोलापूरचा आणि सासवडचा रस्ता जिथे वेगळा होतो, तिथे हडपसर वसले आहे. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी इथून दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते, ही या गावाची सर्वांना ठाऊक असलेली ओळख. हिवाळ्यातल्या हडपसरबद्दल मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. दिवाळीपासून माघापर्यंतच्या तीन महिन्यांत या परिसरात करमणुकीचे आणि विसाव्याचे जे प्रकार रुजले, त्यांचा इतिहास शेती, नदी आणि पेशवाई या तिन्हींशी बांधलेला आहे.

पुण्याची थंडी कोरडी असते. किमान तापमान साधारणपणे दहा अंशांच्या आसपास उतरते. १७ जानेवारी १९३५ रोजी ते १.७ अंशांपर्यंत खाली आल्याची नोंद आहे. आकाश निरभ्र, दुपार उबदार आणि पावसाची धास्ती नाही. त्यामुळे इथला हिवाळा माणसाला घरात कोंडत नाही. बर्फाळ देशांत हिवाळी विरंगुळा चूलखंडापाशी घडतो. दख्खनच्या पठारावर तो बांधावर, देवळाच्या ओट्यावर आणि उघड्या मैदानात घडत आला.

हडपसरच्या शिवाराला खरे रूप मिळाले ते कालव्याने. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण आणि मुठेचा उजवा कालवा यांची कामे झाली आणि हडपसर, मांजरी, लोणी या पट्ट्यात बारमाही पाणी खेळू लागले. भाजीपाला आणि ऊस ही इथली पिके झाली. मांजरीला सरकारने उसाचे प्रयोगक्षेत्र चालवले. पुढे १९७५ मध्ये स्थापन झालेली ऊससंशोधन संस्था, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, मांजरीतच उभी राहिली. बागायती गावाला हिवाळ्यात रिकामपण नसते. पाण्याची पाळी रात्री आली तर रात्रीच दारे धरावी लागत. पण कामाच्या या रात्रींतूनच निवांतपणाचे प्रकार निघाले. वाफे भरेपर्यंत बांधावर शेकोटी पेटायची, भोवती चार माणसे बसायची आणि गप्पांना पहाट व्हायची.

उसामागोमाग गुऱ्हाळ आले. थंडी पडली की चरक सुरू होई, चुलवाणात चिपाडे घातली जात आणि काहिलीतला रस उकळून घट्ट होत जाई. गुळव्याची नजर पाकावर खिळलेली असे. काहील उतरवण्याची घडी चुकली की गूळ बिघडतो. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, हा रिवाज होता. पोरे रस पीत, मोठी माणसे काकवी घरी नेत आणि गरम गूळ उसाच्या कांडीवर घेऊन चाखला जाई. साखर कारखाने आल्यावर ऊस तिकडे वळला. थेऊरच्या यशवंत सहकारी साखर कारखान्याने या पट्ट्यातला ऊस वर्षानुवर्षे गाळला, तसतशी गुऱ्हाळे कमी होत गेली.

कालव्याच्या पाण्याबाहेरची जमीन ज्वारीची. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि डिसेंबर-जानेवारीत कणसात दुधाळ दाणे भरतात. तोच हुरड्याचा काळ. गूळभेंडी आणि सुरती हे हुरड्यासाठी नावाजलेले वाण. त्यांचे दाणे गोड असतात आणि तळहातावर चोळले की बोंडातून सहज सुटतात. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, फुफाट्यात कणसे खुपसायची, भाजलेले कणीस हातावर मळायचे आणि पाखडून लगेच वाढायचे. सोबत लसणाची किंवा तिळाची चटणी, दही, गूळ, बोरे, पेरू, हरभऱ्याचे डहाळे. हुरडा गार झाला की त्याची गोडी जाते, म्हणून तो घरी नेऊन खाण्याचा पदार्थ नाही. माणसांना शेतावरच यावे लागते. पाहुण्यांना हुरड्याला बोलावण्याची प्रथा यातूनच पडली असावी.

हुरड्याचा खरा मालक मात्र एक पाहुणा पक्षी आहे. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, मध्य आशियातून हिवाळ्यासाठी दख्खनमध्ये येतात. त्यांचे थवे हजारोंचे असतात आणि ज्वारीच्या रानावर ते एकाच वेळी उतरतात. त्यांच्यापासून कणसे वाचवायला शेतात चार बल्ल्यांचा माळा बांधला जाई आणि त्यावर उभे राहून गोफण फिरवली जाई. दिवसभराच्या या राखणीत पक्ष्यांच्या सवयी, त्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा आणि त्यांचे आवाज शेतकऱ्यांच्या पोरांना पाठ होत. पुण्यात पक्षिनिरीक्षण हा छंद म्हणून रुजण्याच्या कितीतरी आधी हे ज्ञान या माळ्यांवर होते, आणि छंदाच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी.

देवळातला हिवाळा वेगळा. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत वारकरी परंपरेतल्या गावांत पहाटे काकडआरती चालते. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी अनेक घरांत गुरुचरित्राचे सात दिवसांचे पारायण होते. दसऱ्याला तमाशाचे फड बाहेर पडतात आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत गावोगावच्या जत्रांतून हिंडतात. त्यांच्या वगांमधून इतिहासातले प्रसंग निरक्षर प्रेक्षकांपर्यंतही पोहोचले.

छापील वाचनाची सोय पुण्यात लवकर झाली. आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले जाणारे ग्रंथालय १८४८ मध्ये सुरू झाले. हरी नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘उषःकाल’सारखी ऐतिहासिक कादंबरी त्यातून क्रमशः वाचकांच्या हाती दिली. इतिहासकालीन गोष्ट हप्त्याहप्त्याने वाचायची, पुढच्या अंकाची वाट पाहायची, ही सवय मराठी वाचकाला तिथे लागली. दूरचित्रवाणीच्या मालिकांनी पुढे तिचाच वापर केला. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला आणि हिवाळ्याच्या तोंडाशी वाचनाचा एक हंगामच तयार झाला. नाव दिवाळीचे असले तरी हे अंक संपायला मार्गशीर्ष-पौष उजाडतो. वर्गणी भरून सगळे अंक आळीपाळीने घरी देण्याची वाचनालयांची योजना याच बेताने काही महिन्यांची असते. २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सव हा या हंगामातला नवा टप्पा.

मराठी ऐतिहासिक नाटकाचा धागा तर थेट हडपसरच्या पंचक्रोशीत येऊन पोहोचतो. हडपसरपासून सुमारे १५ किलोमीटरवर, मुळा-मुठेच्या वळणात थेऊर आहे. अष्टविनायकांपैकी चिंतामणीचे हे ठिकाण थोरले माधवराव पेशवे यांचे आवडते होते. पानिपतानंतर कोसळलेले राज्य सावरलेला हा पेशवा क्षयाने खंगत गेला आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात वारला. रमाबाई सती गेल्या. त्यांचे स्मारक नदीकाठी आहे. हा शेवट हिवाळ्याच्या आरंभीचा, आणि मराठी लेखकांना त्याने दीडशे वर्षे सोडलेले नाही.

विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ मध्ये ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले. पुराणकथांवर चालणाऱ्या रंगभूमीवर इतिहासातला माणूस आणणारे हे अगदी आरंभीचे नाटक. माधवरावांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच नारायणरावाचा खून झाला आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द राघोबादादांना दोषी ठरवले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) या प्रकरणावर उभे आहे. पुण्यातल्या प्रभात कंपनीने १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला आणि त्यात गजानन जागीरदार यांनी रामशास्त्री साकारला. रणजित देसाईंची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ मध्ये आली, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि माधवराव-रमाबाई घरोघर पोहोचले. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका झाली. दिग्दर्शक पुन्हा जागीरदारच. माधवराव रवींद्र मंकणी आणि रमाबाई मृणाल देव. याच मृणाल देव-कुलकर्णी यांनी २०१४ मध्ये ‘रमा माधव’ चित्रपट दिग्दर्शित केला. नाटक, बोलपट, कादंबरी, मालिका आणि पुन्हा चित्रपट असा एकाच घराण्याच्या कथेचा हा प्रवास मराठीत विरळाच. ‘स्वामी’ वाचून थेऊरला जाणारा वाचक तिथे देवळाचा लाकडी सभामंडप पाहतो, नदीकाठी स्मारकापाशी थांबतो; पुस्तक आणि पायपीट यांचा असा मेळ या पट्ट्यात सहज बसतो.

थेऊरइतकी प्रसिद्धी नसली तरी वानवडी आणि खुद्द हडपसरही याच इतिहासाची पाने आहेत. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला वारले; त्यांची छत्री तिथे आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी दुसरे बाजीराव आणि दौलतराव शिंदे यांच्या फौजांचा हडपसरच्या माळावर पराभव केला. बाजीराव पुणे सोडून पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या आश्रयाला गेले. एका हिवाळ्यात मराठी राज्याचे भवितव्य फिरले, पण या लढाईवर माधवरावांच्या मृत्यूइतके साहित्य झालेले नाही. पराभवापेक्षा शोकांतिका लेखकांना जवळची वाटली, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

ऐतिहासिक नाटकाने हिवाळ्यातच आणखी एक वळण घेतले. नाना फडणविसांच्या काळावरचे विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झाले. माधवरावांच्या निधनाला त्याच्या महिनाभर आधी दोनशे वर्षे झाली होती. पेशवाईकडे पाहण्याची मराठी रंगभूमीची नजर या नाटकाने बदलली. बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ १९८५ मध्ये आले. हत्ती-घोड्यांसह शंभरावर कलावंत घेऊन उघड्या मैदानात होणारा असा प्रयोग पावसाळ्यात शक्यच नाही. नाटकासाठी पूर्वी हडपसरकरांना पेठांमध्ये जावे लागे. माळवाडीत महापालिकेने विठ्ठल तुपे पाटील नाट्यगृह बांधल्यावर रंगमंच घराजवळ आला.

पायी फिरण्यासाठी शहराच्या बाजूला एम्प्रेस गार्डन आहे. १८३० मध्ये स्थापन झालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाकडे या बागेची व्यवस्था आहे. जुन्या वृक्षांवर चढलेली गारंबीची प्रचंड वेल हे इथले वैभव; जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन पाहायला सारे पुणे लोटते. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) वाचलेल्या माणसाला अशा बागेत मार्गशीर्ष आणि पौष यांतला फरक दिसू लागतो.

हडपसरचे शिवार १९६० च्या दशकापासून बदलत गेले. औद्योगिक वसाहत आली, १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. २००० च्या सुमारास मगर घराण्यातल्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली. जमीन विकून बाहेर पडण्याऐवजी शेतकरीच वसाहतीचे भागधारक झाले, म्हणून या प्रयोगाचा अभ्यास आजही होतो. पण गुऱ्हाळाची आणि ज्वारीची जागा गेली ती गेली. थंडीही बदलली: मगरपट्ट्याच्या वेधशाळा केंद्रात किमान तापमान शिवाजीनगरपेक्षा काही अंशांनी जास्त नोंदले जाते. हुरडा आता सोलापूर रस्त्यावर उरुळी, यवतच्या पुढे कृषिपर्यटन केंद्रांत तिकीट काढून मिळतो. तिथे आगटी आणि चटणी तीच असते. राखणीचा माळा मात्र शोभेपुरता उरला आहे.

नदीकाठ अजून पाय मोकळे करायला मोफत आहे. हडपसर आणि लोणी काळभोर यांच्या दरम्यान मुळा-मुठेवर कवडीपाटचा जुना बंधारा आहे. नोव्हेंबर ते मार्च इथे सकाळी दुर्बिणी घेतलेली माणसे दिसतात. लडाख, तिबेट आणि मध्य आशियातून येणारे केशरी चक्रवाक जोडीजोडीने बसलेले असतात. थापट्या आणि तलवार बदके पाण्यात चरतात, धोबी आणि तुतवार खडकांवरून धावतात. शेकाट्या, चित्रबलाक आणि पाणकावळे तर इथलेच. मात्र हे पाणी साऱ्या पुण्याचे सांडपाणी घेऊन येते. गाळातल्या किड्यांवर काही पक्षी पोसतात, पण जलपर्णी आणि प्लॅस्टिकने काठ भरतो आणि उघड्या पाण्याची जागा घटते. स्वयंसेवक बंधाऱ्यात अडकलेला कचरा हाताने काढतात. शहराचे सर्व सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत यायला लागेपर्यंत हे काम त्यांना दर पावसाळ्यानंतर पहिल्यापासून करावे लागणार आहे.