म्हाइंभटांची पोथी आणि पंथाची कुलपं

सराळ्याचे म्हाइंभट हे घरचे सधन, शास्त्रात मुरलेले पंडित. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्याशी वाद घालायला गेले आणि त्यांचेच होऊन राहिले. पुढे स्वामी गेले. मागे उरलेल्यांच्या तोंडी त्यांच्या आठवणी होत्या. त्या विरून जातील या काळजीने म्हाइंभट गोळा करायला निघाले. ज्याने ऐकलं त्याच्याकडे गेले, ज्याने पाहिलं त्याच्याकडे गेले, आणि जमलेल्या लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातले प्रसंग, रिद्धपूरला वाजेश्वरीच्या स्थानी, स्वामींनंतरचे पंथप्रमुख नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतल्या. हा काळ तेराव्या शतकाच्या अखेरचा. यादवांचं राज्य अजून उभं होतं.

अमरावतीला मी बरीच वर्षं मराठी शिकवली. म्हाइंभटांचं हे 'लीळाचरित्र' वर्गात वाचायला घेतलं की मुलं आधी कंटाळत, मग हळूहळू कान टवकारत. कारण यात देव आहे, पण आंघोळ, जेवण, भांडण, ऊन, फाटकी वस्त्रं हेही आहे. स्वामी बाजारातून चालतात, कुत्र्याला हाताळतात, बायकांशी थट्टा करतात. मला स्वतःला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती म्हाइंभटांची सचोटी. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर त्यांच्या परंपरेने दुसरी फेकून दिली नाही. ती 'वासना' म्हणून शेजारी नोंदली. अमकीने असं सांगितलं, तमक्याने तसं. गुरूच्या चरित्रात पाठभेद जपण्याची ही शिस्त मला आजच्या कित्येक चरित्रकारांत सापडत नाही.

आणि चरित्र कुणाचं, तर वाळीत टाकावं असं बोलणाऱ्याचं. चक्रधर मूळचे गुजरातेतले, भडोचकडचे राजपुत्र. पण त्यांनी शिष्यांशी बोलायला मराठी निवडली. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगवेगळे, आणि मुक्ती देतो तो एकटा परमेश्वर. गावोगावच्या देवता नव्हेत, हे त्यांच्या शिकवणीचं सूत्र. स्त्रियांना संन्यासाचा अधिकार, जातीचा विटाळ नाही. मासिक पाळीच्या विटाळाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की शरीराच्या इतर द्वारांतून स्राव होतो तसाच हा एक. हे तेराव्या शतकात. पैठणच्या विद्वानांना आणि यादवांचा प्रधान हेमाद्री याला ते रुचलं नाही, आणि पंथाच्या आठवणीत स्वामींच्या छळाचे प्रसंग अगदी तपशिलाने आले आहेत.

नागदेवाचार्यांचे शिष्य केशोबास यांना एकदा संस्कृतात लिहायची हुक्की आली. गुरूंनी त्यांना थोपवलं, कारण तसं केलं तर पंथातल्या म्हाताऱ्यांच्या हाती काय उरणार? मग केशोबासांनी स्वामींची वचनं 'सूत्रपाठा'त आणि 114 दृष्टान्त 'दृष्टान्तपाठा'त मराठीतच लावले. म्हाताऱ्यांसाठी मराठी! आणि त्याच पंथाने पुढे हीच पुस्तकं अशा लिपीत घातली, की म्हातारीच काय, काशीचा पंडितही वाचू शकणार नाही.

मधे काय घडलं? चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीवर दिल्लीच्या फौजा येऊ लागल्या. पंथाच्या परंपरेनुसार धाडीत म्हाइंभटांची मूळ प्रत गेली. मग शिष्यांनी पाठ असलेल्या लीळा पुन्हा जमवल्या. कुणाकडून आली, यावरून त्या प्रतींना नावंही पडली. त्यानंतर पंथातल्याच रवळोबासांनी 'सकळ लिपी' घडवली असं मानतात. तंत्र सोपं आहे: नागरी अक्षरांची आपसांत अदलाबदल. किल्ली ठाऊक असेल तर सरसर वाचता येतं, नसेल तर निव्वळ बरळणं.

पुस्तकात नेहमी लिहिलेलं असतं, की परकीयांच्या भीतीने लिपी केली. हे मला अर्धंच खरं वाटतं. धाड घालणारा घोडेस्वार लीळा वाचत बसत नाही. तो पोथी जाळतो, आणि सकळ लिपीतली पोथीही तितक्याच लवकर जळते. शिवाय एकट्या सकळ लिपीवर हे थांबलं नाही. सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र, कवीश्वरी अशा किती तरी निघाल्या. पंथात तेरा आम्नाय, म्हणजे शाखा, होते, आणि काही लिप्या आम्नायांच्याच नावाच्या. शत्रू बाहेर असता तर एक कुलूप पुरलं असतं. मला वाटतं, ही दारं अपात्र माणसापासून होती, आणि अपात्रांत घरचेही धरले जात.

त्याची किंमत पंथाने मोजली. काळे कपडे घालून भिक्षा मागणारी, गुप्त लिपीत लिहिणारी ही माणसं करतात काय, याबद्दल वाटेल ते बोललं गेलं. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण गावोगाव रुळली; मानभाव म्हणजे हेच महानुभाव. जीवहत्या न करणाऱ्या लोकांच्या नावावर कसाबाची उपमा!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. ठाण्याचे वि. ल. भावे यांनी या साहित्याचा पसारा मराठी वाचकांपुढे मांडला. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि पुढे वि. भि. कोलते यांनी पाठ सिद्ध करून छापले. कोलत्यांचं 'लीळाचरित्र' 1978 मध्ये निघालं, आणि काही लीळा ठेवाव्यात की वगळाव्यात, यावरून वाद पेटला. मी कोलत्यांच्या बाजूचा. म्हाइंभटांनी जे शेजारी ठेवलं ते संपादकाने कुठल्या अधिकाराने वगळायचं? लंडनच्या रेसाइडांनी 1960 मध्ये महानुभाव ग्रंथांची सूची केली. अमेरिकेच्या अॅन फेल्डहाउस यांनी चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचं चरित्र इंग्रजीत नेलं. आमच्या विद्यापीठांत मात्र हा ग्रंथ अजून बहुधा 'आद्य गद्य' या एका टिपणापुरता उरतो.

लिपी बंद होती, पण पंथ बंद नव्हता. स्वामींनी शिष्यांना महाराष्ट्रातच राहायला सांगितलं होतं. तरी वाट पंजाबात पोचली. तिथे हे लोक 'जयकृष्णी' म्हणवतात. त्यांनी स्वामींच्या वचनांचं भाषांतर पुरेसं मानलं नाही, मराठी शिकून ती वचनं मराठीतच पाठ केली. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला पंजाबी भाविक येतात, आणि त्यांतल्या साधकांच्या तोंडी तेराव्या शतकाची वळणं सहज येतात. माझे वऱ्हाडी विद्यार्थी त्याच वळणांना अवघड म्हणून परीक्षेत सोडून देत.